बिनपडद्याची गिटार

बेलापूर, ता. श्रीरामपूर
९ जानेवारी १९९५

प्रवीणदादा,

जय भीम. तू पाठवलेली बेस गिटार काल दुपारी पोचली. क्यासिओवाला सहादेव श्रीरामपूरच्या स्टँडवरून पार्सल घेऊन आला. गिटार तू ज्या गोधडीत गुंडाळली होतीस ती मामीने लगेच ओळखली. आधी गोधडी जवळ घेतली, गिटार नंतर पाहिली. म्हणाली, "आता पोरगं थंडीत काय पांघरत असंल?"

गिटार उघडल्यावर सगळे वाकून बघू लागले. तिच्या मानेवर पडदे नाहीत. मी जिच्यावर शिकलो त्या तुझ्या जुन्या गिटारीवर पितळेचे आडवे पडदे होते, बोट कुठे ठेवायचं ते त्यांच्यावरून कळायचं. इथे नुसतं काळं गुळगुळीत लाकूड आहे. मामा म्हणाले, "ह्ये काय धाडलं? पोळपाट?" गोरक्षनाथ ढोलकी वाजवत असला तरी मूळचा सुतार. तो म्हणाला, "काय काळजी करू नका जालिंदरदादा. सायकलच्या तारा कापून ठोकतो. उद्या सांच्याला पडदे तयार."

मी घाबरलो. आतला डिंक अजून ओला आहे, आठ दिवस हात लावायचा नाही, असं प्रवीणदादाने कळवलंय, अशी थाप मारली आणि गिटार माळ्यावर ठेवली. कृपा करून लगेच कळव. पडदे बसवायचे राहिले आहेत की ती अशीच असते? अशीच असेल तर ती वाजवतात कशी?

आणखी एक. दिवाळीत तू लिहिलं होतंस की पुण्याच्या तुमच्या ऑर्केस्ट्रात बेसवाल्याची जागा निघाली तर मला बोलावशील. ते अजून तसंच आहे ना? दिवसभर गिरणीत पीठ दळायचं आणि कार्यक्रम असेल तेव्हा मामांच्या गायन पार्टीत त्यांच्या मागे बसून खंजिरी वाजवायची, यात माझी पुढची सगळी वर्षं जातील असं मला वाटू लागलं आहे. दहावी नापास माणसाला दुसरीकडे कोण विचारणार? वडील गेल्यापासून आई आणि मी मामांच्या घरात आहोत. मला जायचंय असं मी आपणहून म्हणू शकत नाही. बोलावणं आलं तर गोष्ट वेगळी.

खाडाखोड झाली म्हणून पत्र दुसऱ्यांदा उतरवलं आहे.

तुझा,
महेंद्र


पिंपरी
१७ जानेवारी

महेंद्र,

गोरक्षनाथला सांग, एक जरी तार ठोकलीस तर पिंपरीहून येऊन तुझी ढोलकी फोडीन. ती गिटार अशीच असते रे बाबा! बिनपडद्याची. नवीकोरी आहे, अजून कुणाचं बोट लागलेलं नाही.

पडद्याच्या गिटारीवर बोट थोडं मागेपुढे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. इथे सांभाळून घ्यायला कुणी नाही. केसभर सरकलं की बेसूर. पण जमलं तर आवाज असा निघतो की माणूस गुणगुणतोय असं वाटावं. बोट पडद्याच्या मागे दाबायची सवय विसर. जिथे पडदा असता, नेमकं तिथेच ठेव. सुरुवातीला खुणा करून घे, मग काढून टाक. रोज वाजव. क्यासिओशी जुळवून वाजव.

आता मुख्य बातमी. आमचे ऑर्केस्ट्राचे मास्तर दुसरा संच काढतायत. बुद्धपौर्णिमेनंतर बेसवाला घेणार. मी तुझं नाव घातलंय. बिनपडद्याची वाजवणारा मुलगा आहे म्हटल्यावर मास्तर म्हणाले, आण त्याला, ऐकू. राहायला माझी खोली आहेच. तेव्हा चार महिने आहेत तुझ्याकडे.

मी कंपनीच्या शिफ्टमुळे आलो नाही असंच घरी सांगत जा. अण्णा माझं नाव काढतात का? आईला सांग, मला ब्लँकेट आहे.

प्रवीण


बेलापूर
१२ फेब्रुवारी

प्रवीणदादा,

जय भीम. तुझं पत्र वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. चार महिन्यांनी मी पुण्यात असेन, हे वाक्य मी कुणालाही बोलून दाखवलेलं नाही, आईलाही नाही.

आता काय काय केलं ते क्रमाने लिहितो. दुपारी लाइट गेली की गिरणी बंद असते. सहादेवचा क्यासिओ सेलवर चालतो, म्हणून त्या वेळात त्याच्या घरी जातो. क्यासिओची एक पट्टी दाबायची आणि तिच्या फटीत आगकाडी खोचायची, म्हणजे सूर आपोआप चालू राहतो. मग गिटारीच्या तारेवर तोच सूर शोधायचा. दोन सूर अगदी जवळ आले की आवाजात एक थरथर येते. बोट हळूहळू सरकवलं की थरथर संथ होते, आणि सूर जुळला की थांबते. ती थांबते तिथे मी दवाखान्यातल्या चिकटपट्टीची बारीक रेघ चिकटवतो. रेघा एकसारख्या याव्यात म्हणून ब्लेड आणि फूटपट्टी वापरली. तरीही पहिल्या रेघा जाड झाल्या होत्या, त्या काढून पुन्हा लावल्या. बोटांच्या टोकांना फोड आले. आई म्हणते, "रेडकू कुटंतरी अडकल्यागत वाटतंय." पण आता थरथर बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात थांबते. सहादेव म्हणाला, "डोळं झाकलं तर पडद्याचीच वाटती गड्या."

म्हणून धीर करून गेल्या रविवारी खर्डा गावातल्या कार्यक्रमात गिटार नेली. घरभरणी होती, दुपारची वेळ. मामांनी काळी दोनच्या पट्टीत भीमगीत लावलं. पहिला अंतरा बरा गेला. तिसऱ्या अंतऱ्याला मामांनी मागे वळून पाहिलं आणि माईक तोंडासमोरच ठेवून म्हणाले, "महेंद्या, कुटं चाललास? बेसूर!" मंडपातली पोरं हसली. त्यानंतर मी नुसती बोटं हलवली, तारा वाजवल्याच नाहीत. मामा खूश दिसले.

गेल्या दसऱ्याला अकोल्यात ते तुला हेच म्हणाले होते आणि तुझ्या गिटारीची वायर भर कार्यक्रमात उपटली होती. तेव्हा, खरं सांगतो, चूक तुझी असेल असं मला वाटलं होतं. आता माझी आहे. घरी येऊन सगळ्या रेघा पुन्हा तपासल्या. एकही चुकलेली नाही. मग मी नेमकं काय चुकतोय? मास्तरांसमोर असं झालं तर?

महेंद्र


पिंपरी
२० फेब्रुवारी

महेंद्र,

तू फार विचार करतोस. रेघा काढून टाक. त्यांच्याकडे बघत वाजवतोस म्हणून अडकतोस. अण्णांच्या आवाजावर कान ठेव. ते जातील तिकडे बोट न्यायचं, बस्स. गायन पार्टीत गायकाचा सूर तोच सूर. क्यासिओकडे लक्ष देऊ नकोस.

आणि अण्णांशी वाद घालू नकोस. मी घातला, काय झालं ते तू पाहिलंस.

ओव्हरटाइम चालू आहे. घाईत लिहितोय.

प्रवीण


बेलापूर
१९ मार्च

प्रवीणदादा,

जय भीम. हे पत्र मामा सांगतील तसं लिहितो आहे. ते समोर बाजेवर बसले आहेत.

"लिही. चिरंजीव प्रवीणला आशीर्वाद. तू धाडलेल्या गिटारीनं पार्टीला सूर आला. मी म्हनलं हुतं पोळपाट, ते मागं घेतो. लिहिलं का? तू वाजवायचास तवा मला सारकं वाटायचं, कुनीतरी शर्टाला धरून वर वडतंय. ह्यो महेंद्या तसं करत न्हाई. मी जातो तितं येतो. शेतात बैल कसा मागं न बगता चालतो, मागचा मानूस बरूबर हाय म्हनून, तसं मला गाताना वाटतंय. आता बाकी सहादेवाचं क्यासिओ लई चढतंय. त्याला म्हनलं, सेल बदल. सेल बदललं तरी चढतंय. लिही तसंच. आन् आसं लिही, का बुद्धपौर्निमेला सुट्टी काढून ये. तुजी आई रोज इचारती. मी न्हाई इचारत. न्हाई, ते खोड. बरं ऱ्हाऊ दे. आन् शेवटचं. महेंद्याला तिकडं न्यायचं तुज्या डोक्यात असंल तर काडून टाक. माजं गानं आता ह्याच्या हाताव हाय."

एवढं लिहून मी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरूबर हाय.

महेंद्र


बेलापूर
२१ मार्च

प्रवीणदादा,

परवाचं पत्र मामांसमोर लिहिलं होतं, त्यात मला काही घालता आलं नाही. हे गिरणीत बसून लिहितो आहे.

तू सांगितल्याप्रमाणे रेघा काढल्या आणि मामांच्या सुरामागे गेलो. तेव्हा काय चालतं ते मला समजलं. मामा काळी दोनमध्ये सुरू करतात. दुसऱ्या अंतऱ्यापासून त्यांचा आवाज खाली सरकू लागतो. इतका हळू की त्यांच्याबरोबर जाणाऱ्याला कळत नाही. गाणं संपतं तेव्हा ते जवळजवळ पांढरी दोनवर आलेले असतात, म्हणजे पुरा अर्धा सूर खाली. माझं बोट त्यांच्याबरोबर खुंट्यांकडे सरकत जातं. सहादेवचा क्यासिओ मात्र आहे तिथेच राहतो, कारण तो सरकूच शकत नाही. मामा त्यालाच चढला म्हणतात.

सहादेवला विचारलं तर तो बिडी विझवून म्हणाला, "तुला आत्ता कळलं व्हय? मी तिसऱ्या अंतऱ्याला नुसता ठेका चालू ठेवतो, सुरांच्या पट्ट्यांना हातच लावत न्हाई." गोरक्षनाथ म्हणाला, "आमच्या ढोलकीला काय, शाई हाय न् वादी हाय. ठेका धरला की आमी सुटलो."

म्हणजे पार्टीत सगळ्यांना माहीत आहे, फक्त मामांना नाही. दादा, तुला हे ठाऊक होतं का? मामांना सांगायला नको का? आणि एक भीती वाटते. मी रोज असं घसरत वाजवतो, त्याने माझा हात बिघडणार तर नाही ना? मेला दोन महिने उरले आहेत.

महेंद्र


पिंपरी
२ एप्रिल

महेंद्र,

मला वाटलं तुला माहीत आहे.

अण्णांचा डावा कान गेलाय. इतकी वर्षं लाउडस्पीकरचा बॉक्स त्याच बाजूला ठेवून गायले. उजवाही अर्धाच असेल. स्टेजवर त्यांना क्यासिओ अर्धवटच ऐकू येतो, ढोलकी आणि बेस तेवढा नीट पोचतो. मी नगरच्या कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, मला बहिरा ठरवून पार्टी ताब्यात घ्यायची का तुला? त्यानंतरचं अकोलं तू पाहिलंस.

माझ्या गिटारीला पडदे. मला त्यांच्या मागे जाता येत नव्हतं, गेलो असतो तर निदान घरात राहिलो असतो. म्हणून तर तुला बिनपडद्याची घेऊन दिली. तुझे कान बारीक आहेत. तू त्यांच्याबरोबर सरकशील हे मला ठाऊक होतं. अण्णांची पत्रातली वाक्यं मी तीन-चारदा वाचली. इतकं चांगलं ते माझ्याबद्दल कधी बोलले नाहीत. असो.

सांगायचं म्हणशील तर नको. गाणं बंद झालं तर ते घरात बसून काय करतील, तूच बघ. हात बिघडायची काळजी करू नकोस. तिकडे तसं वाजव, इकडे असं. मास्तरांनी २८ मे, रविवार, सकाळ ठरवलीय. जयंतीचा सीझन उरकला की निघायची तयारी कर.

प्रवीण


बेलापूर
२६ एप्रिल

प्रवीणदादा,

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतो आहे, कारण जयंतीमुळे रोज कार्यक्रम होते, आणि दुसरं म्हणजे काय लिहावं ते कळत नव्हतं.

मला वाटलं होतं, ती गिटार तू मला पाठवलीस. मी मामीला, आईला, सगळ्यांना तसंच सांगितलं. आता कळलं की ती मामांसाठी होती. तू जी जागा सोडून गेलास तिथे बसवायला तुला एक माणूस हवा होता, आणि त्याला बसवण्यापुरती ही वस्तू. तुझा हेतू वाईट नव्हता हे मला समजतं. पण तू पुण्याला गेलास आणि मी सरकतो आहे.

बुवांच्या वाडीला जयंतीच्या कार्यक्रमात एक म्हातारे गृहस्थ स्टेजवर आले आणि मामांना म्हणाले, जालिंदर, तुझा आवाज पहिल्यापेक्षा गोड झाला. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगितलं, "ह्याच्यामुळं. बहिनीचं पोरगं, पन पोटच्यापेक्षा जास्त." मी खाली बघत राहिलो. त्या वेळी मला मंडपातून पळून जावंसं वाटलं.

आईला आता अंदाज आला आहे. परवा भाकरी वाढताना म्हणाली, "तू गेलास तर तुज्या मामाचं कसं व्हईल रं?" मी जाणार आहे असं मी बोललोच नव्हतो.

तरी २८ तारखेला येणार. गिरणीच्या पट्ट्याचं काम आहे असं सांगून येईन. खोटं बोलण्याची मला सवय नाही, पण या महिन्यांत ती लागली आहे.

महेंद्र


बेलापूर
३० मे

प्रवीणदादा,

तुझं मधलं कार्ड मिळालं होतं. मी रागावलेलो नाही. रविवारी तुझी शिफ्ट होती म्हणून तू तालमीच्या हॉलवर नव्हतास, आणि मला तुझ्या खोलीवर थांबवेना. दुपारच्या एसटीने परत आलो. काय झालं ते मास्तरांनी तुला सांगितलं असेलच, पण मलाही लिहायचं आहे.

पहिलं गाणं संथ होतं आणि त्यात गायिका नव्हती, नुसते वाद्यांचे तुकडे. ते चांगलं झालं. मास्तरांनी मान हलवली. दुसऱ्या गाण्याला एक मुलगी गायला उभी राहिली. तिचा आवाज सरळ होता, कुठेही हलत नव्हता. कीबोर्डवालाही होता. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या अंतऱ्याला मला वाटलं, हे लोक चढू लागले आहेत. मुलगी चढली, कीबोर्ड चढला. मी त्यांना सांभाळून घ्यावं म्हणून कान देऊन वाजवत राहिलो. मास्तरांनी हात वर करून थांबवलं.

"खाली का जातोस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मी नाही सर, ते वर जात आहेत."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तरांनी कीबोर्डवर नुसता षड्ज धरून ठेवायला लावला आणि मला म्हणाले, आता तुझा लाव. मी लावला, आणि ती थरथर ऐकू आली. माझं बोट पुरं बोटभर खुंट्यांकडे गेलेलं होतं. मला ते कळलंच नव्हतं. मला जे बरोबर वाटत होतं ते मामांचं बरोबर होतं.

मास्तर भले माणूस. म्हणाले, "कुणाबरोबर वाजवतोस?" मी सांगितलं नाही. म्हणाले, "कोणीही असो, सोड. दिवाळीपर्यंत एकटा बस, क्यासिओ घेऊन. कान जागेवर आला की ये. तोपर्यंत जागा हंगामी माणसाने भरतो."

तेव्हा आता असं आहे. मामांबरोबर वाजवलं तर मला कधीच बाहेर पडता येणार नाही. वाजवणं बंद केलं तर का बंद केलं ते सांगावं लागेल. आणि मी वाजवलं नाही तर पुढच्याच कार्यक्रमात मामांना सगळे बेसूर वाटतील, मग ज्याची वायर उपटावी असा कुणीही उरणार नाही.

मी दोन दिवस जेवलेलो नाही. गिरणीत आवाज फार असतो, तिथे बरं वाटतं.

महेंद्र


पिंपरी
७ जून

महेंद्र,

मास्तर मला सगळं बोलले. माझी चूक झाली, मोजमाप चुकलं. दोन्हीकडे वेगळं वाजवता येईल असं मला वाटलं होतं.

आता ऐक. सोड पार्टी. अण्णांना सांगून टाक, कान दाखवा म्हणून. मी सांगितलं तर भांडण होतं, तुझं ऐकतील. गाणं बंद झालं तर झालं, आपण दोघं मिळून बघू. तुझं आयुष्य त्यांच्या अंतऱ्याला बांधलेलं नाही.

सांगायला तोंड होत नसेल तर न सांगता निघून ये. मी तसंच केलं.

प्रवीण


बेलापूर
१४ जुलै

प्रवीणदादा,

जय भीम. महिनाभर उत्तर दिलं नाही. परवा आषाढ पौर्णिमेला श्रीरामपूरजवळच्या एका विहारात वर्षावासाचा पहिला कार्यक्रम झाला, सकाळी. त्याबद्दल लिहितो.

न सांगता निघून येणं मला जमलं नाही. सांगणंही जमलं नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज बोलू, आणि मामा चहाचा कप हातात घेऊन नव्या गाण्याची चाल ऐकवायला बसायचे. म्हणून मी ठरवलं की तोंडाने नाही तर वाजवून सांगायचं. मामा कुठेही जावोत, मी काळी दोन सोडायची नाही. ते वायर उपटतील. उपटू देत. मग सगळ्यांसमोर विषय निघेल आणि संपेल. सहादेवला आधी सांगितलं. तो म्हणाला, "मार खाशील." गोरक्षनाथ म्हणाला, "मी मधी पडनार न्हाई बरं का, आदीच सांगतो."

तिसऱ्या अंतऱ्याला मामांचा आवाज खाली सुटला आणि मी जागेवर थांबलो. घामाने बोट तारेवरून निसटत होतं. सहादेवनेही या वेळी सुरांच्या पट्ट्या दाबल्या. आम्ही दोघे एका बाजूला आणि मामा एकटे. लोकांनाही कळलं, पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मामा वळले. गात गातच माझ्याकडे आले. डोळे लाल. मला वाटलं, आता वायर. पण ते माझ्या कानात ओरडायला वाकले आणि गिटारीचं टोक, खुंट्या असतात ते, त्यांच्या उजव्या कानामागच्या हाडावर आपटलं.

ते ओरडले नाहीत. तसेच वाकून उभे राहिले. मी वाजवत होतो, थांबायचं सुचलं नाही. मग त्यांनी एका हाताने ते टोक धरलं आणि पुन्हा कानामागे टेकवलं, घट्ट. तारांचा सूर हाडातून त्यांना ऐकू येत असावा. चेहरा असा झाला, जणू कुणी खूप दिवसांनी हाक मारली. आणि त्यांचा आवाज वर आला. चाचपडत आला, थोडा पुढे गेला, मागे आला, आणि काळी दोनवर येऊन थांबला. उरलेला सगळा कार्यक्रम ते गिटारीच्या टोकाला डोकं लावून गायले. लोकांना वाटलं ही नवी पद्धत आहे. टाळ्या वाजवल्या.

टेम्पोत येताना मामा माझ्या शेजारी बसले, उजवा कान माझ्याकडे करून. म्हणाले, "प्रवीन खरं बोलत हुता, व्हय?"

मी म्हणालो, "व्हय मामा."

"आन् तुमी समदे गप ऱ्हायलात."

गोरक्षनाथ ढोलकीची दोरी ओढत बसला.

"किती दिसापास्नं खाली जातुया मी?"

"दोन वर्षं असतील," सहादेव म्हणाला.

मामा हसले. म्हणाले, "दोन वर्स लोकान्ला बेसूर ऐकवलं, आन् वर नारळ-टोपी घेतली. लई पुन्यवान हाव." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलले, म्हणजे त्यांना हळू वाटला, टेम्पोत सगळ्यांनी ऐकला. "तू पुन्याला गेल्तास मागं. पट्ट्याचं काम न्हवतं. तुज्या आईनं सांगितलं मला. तुला जायाचं हाय."

मी मांडीवरची गिटार सरळ केली.

"जा. मी कशाला आडवू? बहिनीच्या पोराला बांधून ठिवनारा मानूस न्हाई मी. पन मी डोस्कं कुटं टेकवू, तेवडं सांगून जा."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी सांगितलं की सहादेव शिकेल, दुसरा कुणी शिकेल, नगरला कानाचं यंत्रही मिळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरूबर हाय, बरूबर हाय," म्हणाले. घरी आल्यावर मामीला म्हणाले, "चांगुना, मला आज गानं ऐकू आलं." मामी रडली. आईने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

नगरच्या डॉक्टरकडे जायला ते तयार आहेत. तू येऊन घेऊन जा, त्यांनी तुझं नाव घेतलं आहे. सहादेवने काल गिटार हातात घेतली. त्याची बोटं पट्ट्यांना सरावलेली आहेत, त्याला केसभराचा फरक ऐकू येत नाही. अजून महिनाभर बघू म्हणतो. त्याला जमणार नाही हे मला आत्ताच कळतं आहे, पण मी तसं म्हणालो नाही.

काल दुपारी एकटा बसून तपासलं. आगकाडी खोचली, डोळे मिटले, आणि तासभर वाजवल्यावर पाहिलं. थरथर नव्हती. मामांचं डोकं टेकलेलं असताना मला सुरावरून हलता येत नाही, त्यामुळेच असेल. बहुधा दिवाळीपर्यंत थांबावं लागलंच नसतं.

मास्तरांना एवढं सांग, की आता माझा सूर खाली जात नाही. आणि मी येत नाही, हेही सांग. दोन्ही सांग, दादा. एकच सांगू नकोस.

महेंद्र